चिकुनगुनियात लावलेला घरगुती डबा, देवपूर (धुळे) – चार स्टार, आणि पाचवा का नाही तेही लिहिलंय

आधीच सांगून ठेवते, झणझणीत शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचं तर्रीवालं मटण शोधत असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, त्यासाठी धुळ्यात जागांची कमी नाही आणि त्यांचे रिव्ह्यू पण ढिगाने पडलेत. हा आहे साध्या घरगुती डब्याचा रिव्ह्यू, आणि तोही अशा दिवसांतला जेव्हा घरात खाणारी तोंडं सात आणि भाकरी थापू शकेल असा हात एकही नाही.

डबा देवपूरातला. वाडीभोकर रोडवरून आत वळलं की एका गेटवर पत्र्याची पाटी आहे, "घरगुती डबे मिळतील", खाली मोबाईल नंबर, बस्स. नाव नाही, लोगो नाही, ॲपवर पण नाहीत. कॉलनीत सगळे नुसतं "ताईंचा डबा" म्हणतात. गिऱ्हाईक बघितलं तर कॉलेजची पोरं आणि बदलीवर एकटे राहणारे बँकवाले, म्हणजे आजाऱ्यांचा डबा हे काही त्यांचं खास काम नाही. तरी आम्ही सगळे आडवे झालेलो तेव्हा त्यांनी जे केलं ते लिहावं वाटलं, कारण या पावसाळ्यात आमच्यासारखी घरं पुष्कळ असणार.

झालं असं की श्रावण लागायच्या सुमाराला सासूबाईंना ताप भरला, एकदम सडकून, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत जायला भिंत धरायला लागली. आठवडा-दीड आठवड्याने जाऊबाई, त्यांच्या पाठोपाठ मी, मग मिस्टर आणि भाऊजी एकदमच, आणि धाकट्या पोराला पण थोडा येऊन गेला. मोठी पोरगी तेवढी सुटली. लोक म्हणायला लागले तुमच्या घरात साथ पसरली, एकमेकांच्या ताटात जेवता का, पण तसं नसतं हो. चिकुनगुनियाचा विषाणू माणसाकडून माणसाकडे जात नाही, मध्ये डास लागतो. डॉक्टरांनी नीट समजावलं की ताप आल्यावर पहिला आठवडाभर रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, तेव्हा एडिस डास चावला की काही दिवस तो विषाणू डासाच्या अंगात वाढतो आणि मग तोच डास घरातल्या दुसऱ्याला चावून देतो, म्हणून एकाला होऊन गेल्यावर बाकीचे आठवड्याभराने पडतात. म्हणजे मच्छरदाणी खरी आजारी माणसाला लागते आणि ती पण दिवसा, कारण हा डास दिवसाउजेडी चावणारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, सगळ्यांच्याच घरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या, गॅलरीत उन्हाळ्यातला कूलर तसाच उभा, आणि या डासाला असलंच साठलेलं चांगलं पाणी लागतं, गटार नाही. गल्लीत एक घर आजारातून सुटलं नाही.

आता डब्याकडे येते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो हो, त्याचं एवढं काही नाही. खरी गंमत नंतर. मनगटं, घोटे, गुडघे आणि बोटांची पेरं. सकाळी उठल्यावर माझी बोटं उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारखी फुगलेली असायची आणि मूठ वळायची नाही. ब्रश धरता येत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्याबद्दल काही बोलायलाच नको. खान्देशातल्या बाईला विचारा भाकरीला काय लागतं. पीठ मळून मळून उंडा करायचा, दोन्ही तळव्यांनी थापायची, मग अख्खी उचलून तव्यावर टाकायची, सगळा जोर मनगटावर. जाऊबाईंनी एकदा हट्टाने परातीत पीठ घेतलं आणि तिथेच बसून रडल्या. पुरुषमंडळींचा तर प्रश्नच नव्हता, ते बरे असताना पण मॅगीच्या पुढे गेलेले नाहीत.

दोन दिवस ॲपवरून हॉटेलचं मागवलं. कुठलं ते सांगत नाही, सगळीकडे तेच असतं, वर बोटभर तेल आणि डाळीत पण मिरची. तोंड आधीच कडूजहर झालेलं, एका घासात पोटात जाळ. मग शेजारच्या वहिनींनी पाटीवरचा नंबर आणून दिला.

फोनवर ताईंनी पहिला प्रश्न काय विचारावा? "घरात गोळ्या कितीला घेतात?" मला वाटलं या काय विचारतायत. तर त्यांचं म्हणणं, दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पोट जळतं, म्हणून डबा गोळीच्या आधी पोचला पाहिजे. बरोबरच आहे ना. आमचं असं होतं की सुरुवातीला डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलेलं, कारण हाच डास डेंग्यू पण देतो, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लो, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन असलं काही घ्यायचं नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हे सगळ्यांनी लक्षात ठेवा बरं, मेडिकलमधून मनाने आणलेली "अंगदुखीची एक स्ट्राँग गोळी" आणि लगेच एक सुई टोचून घेणं, आपल्याकडे हे फार चालतं.) डेंग्यूचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, चिकुनगुनियाचा आयजीएम (रक्ताचा रिपोर्ट) पॉझिटिव्ह, तो ताप येऊन पाचेक दिवस झाल्यावरच धड कळतो, आणि मग सांध्याच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवल्यावरच घ्यायच्या या अटीवर. तर वेळेच्या बाबतीत ताईंना पैकीच्या पैकी मार्क. सकाळचा डबा दहाच्या आत, संध्याकाळचा साडेसातला, पाऊस असो की लाईट गेलेली असो. डबा आणणारा पोरगा जिना चढून दारात न ठेवता थेट आत ओट्यावर आणून ठेवायचा, कारण दारापर्यंत येऊन उचलायला आमच्यात कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. स्टीलचा चार पुड्यांचा डबा, त्याची कडी अशी घट्ट की चांगल्या माणसाला पण अंगठा लावून जोर करायला लागतो. आम्ही पाच मोठी माणसं त्या डब्याभोवती बसलो आणि एकाला उघडेना. भुकेली माणसं आणि समोर बंद डबा, शेवटी पोरीने पळीचं टोक घालून उघडला आणि अर्धं वरण सांडलं. ताईंना फोन केला तर हसल्या आधी, मग म्हणाल्या थांबा. संध्याकाळपासून डबा बिनकडीचा, उभट पातेल्यावर झाकण आणि वरून रुमालाची सैल गाठ, जी दाताने पण सुटेल. एवढी साधी गोष्ट, पण कुठल्या हॉटेलवाल्याला सांगून बघा.

जेवणाचं म्हणाल तर सुरुवातीला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर घरचं तूप, ज्वारीची किंवा नागलीची (नाचणीची) पेज, गिलक्याची भाजी, दुधी, पातळ वरण. ज्वारी दादर, ते पहिल्या घासाला कळतं, गोडसर चव असते तिला. भाकऱ्या मात्र जाड. पोरांच्या मेसच्या सवयीने केलेल्या असणार, पण सुजलेल्या बोटांनी जाड भाकरी तुटत नाही. एकदा सांगितल्यावर पातळ आल्या, चार दिवसांनी परत जाड, परत सांगितलं. शेवटी आम्ही ती दुधात नाहीतर वरणात भिजत टाकायचो आणि चमच्याने खायचो, पोरं खदाखदा हसायची की सगळे मोठे बाळ झालेत. सासूबाई तर पहिल्याच दिवशी वरणात चमचा फिरवून म्हणाल्या, "हाई काय वरन शे? नुसतं पानीच शे." खोटं नाही सांगत, वरण खरंच पातळ असायचं, आणि दहा रुपये जास्त घ्या पण घट्ट द्या म्हणून सांगितलं तरी फार फरक पडला नाही. डॉक्टरांनी डाळ, अंडं, दूध नीट खायला सांगितलेलं अशक्तपणासाठी, त्यामुळे ही तक्रार मी लहान धरत नाही. अंडी आम्ही वेगळी उकडायचो, म्हणजे पोरगी उकडायची.

दुसरी भांडणाची जागा म्हणजे आंबट. ताईंचं ठाम मत की आंबट खाल्लं की सांधे धरतात, म्हणून ताक नाही, कढी नाही, लिंबाची फोड नाही. मला ताक पाहिजे होतं, त्या तापानंतर जिभेला दुसरं काही नको वाटायचं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले चिकुनगुनियाला असलं वेगळं पथ्य काही नाही, हलकं आणि पोटभर खा, पाणी भरपूर प्या, ताक चालेल, नारळपाणी चालेल. मी ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या डॉक्टरांनी भाकरी थापलीय का कधी? आणि सासूबाई त्यांच्याच बाजूने! घरात दोन पार्ट्या झाल्या. शेवटी ताक आम्ही डेअरीतून पिशवीचं आणलं आणि सासूबाईंच्या नजरेआड प्यायलो. कोणाचे सांधे त्याने धरले नाहीत, जे धरायचे ते आधीच धरलेले होते.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहायची आहे. आमच्या घरचा रिकामा डबा परत घ्यायला सुरुवातीला बाकीची गिऱ्हाईकं कुरकुरली म्हणे, की त्यांच्या घरात साथ आहे, त्यांची भांडी आमच्या भांड्यांत मिसळू नका. गल्लीतल्या एक बाई तर आमच्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावायच्या. ताईंनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं साफ होतं, भांड्यातून पसरत असतं तर त्या पोरीला आधी झालं असतं, सगळ्यांचं उष्टं तीच उचलते. आम्हाला वेगळी भांडी करायला लावली नाहीत, जास्तीचे पैसे मागितले नाहीत. डबा आणणारा पोरगा जरा बिचकायचा, त्याला ताईंनी आमच्या देखत सांगितलं की डास चावू देऊ नको, फुल शर्ट घाल, बाकी काही होत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो फुल शर्टात.

पुढे मालेगावहून मामेसासरे आले राहायला, आणि मग गाडी रुळावर आली. त्यांना हा आजार 2006 साली झालेला. तेव्हा देशभर मोठी साथ होती, त्या एका वर्षात तेरा लाखांच्या वर संशयित रुग्णांची नोंद झाली आणि मालेगावात पण घरंच्या घरं पडली होती. डॉक्टर म्हणतात एकदा झाला की शक्यतो परत होत नाही, त्यामुळे मामा एकदम निर्धास्त, छाती काढून आमच्या घरात फिरायचे आणि डासांना आव्हान द्यायचे. डबा उघडायचे, सगळ्यांना वाढायचे, आणि त्यांनीच ड्रम आणि कूलरची टाकी रिकामी करून आतून काथ्याने घासून काढली. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तशीच राहतात, पाणी लागलं की पुन्हा जिवंत. त्यांच्याकडे तेव्हापासून दर आठवड्याला एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची पद्धत आहे, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. ते सांगत होते की 2006 मध्ये त्यांना दीड वर्ष सकाळी मूठ वळायची नाही. हे ऐकून आम्ही सगळे गप्प. जाऊबाई म्हणाल्या मामा, आता जेवू द्या.

मामांची डब्यावर वेगळीच तक्रार, तिखट नाही. बरोबर आहे, चांगल्या माणसाला ते जेवण म्हणजे शिक्षाच. ताईंनी त्यांच्यासाठी एक वाटी ठेचा वेगळा पाठवायला सुरुवात केली, फुकट, आणि तो ठेचा खरं सांगते आख्ख्या डब्यात सगळ्यात भारी होता. मला वास यायचा आणि खाता यायचा नाही. ज्या दिवशी मी त्यात भाकरीचा कोपरा बुडवून खाल्ला त्या दिवशी मिस्टर म्हणाले आता तू बरी झालीस.

आता तक्रारी एका दमात. रविवारी संध्याकाळी डबा नसतो, आणि हे पहिल्या दिवशी सांगत नाहीत, रविवारी दुपारी कळतं. कानबाईला (आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण) डबा पूर्ण बंद. ते मी समजू शकते, खान्देशात कानबाईला कोणाच्या घरी चूल दुसऱ्यासाठी पेटणार, भाऊबंदकी गोळा झालेली असते, रोटाचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं, दळण असतं. पण आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी आम्ही पोहे आणि केळ्यांवर काढले, आणि सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या, कारण यंदा आमच्या घरची पाळी असून रोट चुलत दिरांच्या घरी झाले आणि ज्या बाईने इतकी वर्षं सगळ्यांना उभं केलं तिला तिथे जायला रिक्षाची पायरी चढवेना. दुसऱ्या दिवशी ताईंच्या डब्यात त्यांच्या घरचे दोन रोट आले. खरं तर रोट भाऊबंदकीच्या बाहेर देत नाहीत. ताईंनी कसं काय दिलं ते मी विचारलं नाही आणि सासूबाईंनी पण नाही, पण खाल्ले.

आणखी एक, भाजीत तेल. पहिले आठ दिवस कमी होतं, मग हात सुटला. पोरांच्या डब्याची आणि आमची भाजी एकाच कढईतली व्हायला लागली असणार, रंगावरून कळायचं. सांगितलं की दोन दिवस ठीक, मग परत. हीच पाचव्या स्टारची जागा. आजाऱ्यांचा डबा वेगळा काढायचा असेल तर शेवटपर्यंत वेगळा काढा, नाहीतर पहिल्याच दिवशी सांगा की जमणार नाही. ताईंना पण हे तोंडावर बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला काही वाटत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, म्हणाल्या कामाला असलेली बाई पण तापाने पडलीय, एकटीच करतेय. मग काय बोलणार.

दर: पूर्ण डबा 80, त्यात चार भाकरी किंवा पोळ्या, भाजी, वरण, भात. अर्धा 50. पेज नाहीतर नुसती खिचडी घेतली तर 40, आणि ती एका माणसाला पुरून उरते. महिन्याचं लावलं तर थोडं कमी करतात. फोनवरून पैसे घेतात, रोख पण चालतात, आमचा हिशोब त्यांनी शेवटपर्यंत वहीत लिहून ठेवला आणि एकदाही मागितला नाही. सात माणसांना सात डबे लागत नाहीत, आजारी घरात चार पूर्ण आणि दोन पेज पुष्कळ झालं. उगीच भरमसाठ मागवू नका, पहिले काही दिवस कोणी खात नाही आणि टाकताना जीव जातो.

किती दिवस लावायचा असं विचाराल तर ताप गेला म्हणून डबा बंद करू नका, डबा खरा लागतो तो त्यानंतरच. आमच्याकडे माझी मनगटं आधी सुटली, जाऊबाईंचे घोटे अजून सकाळी आखडलेले असतात, भाऊजी गाडीला किक मारताना अजून ओरडतात, सासूबाईंच्या नाकावर काळपट डाग पडलाय तो हळूहळू फिका होतोय (हा पण या आजारातला प्रकार आहे, घाबरून कसली क्रीम लावत बसू नका). वय जास्त, शुगर असली तर आणखी वेळ लागतो. डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक आणि हलका व्यायाम सांगितलाय, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका म्हणून बजावलंय. आधी संध्याकाळचा डबा बंद केला, सकाळचा चालू ठेवला, कारण भाकरीचं काम सकाळी होत नाही, हात दुपारी मोकळे होतात. सासूबाई रोज म्हणतात, "आते मी करसू भाकरी," आणि रोज आम्ही त्यांना ओट्यापासून लांब बसवतो. परवा त्यांनी ताईंना स्वतः फोन लावून कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरीत पाठवायला सांगितलं, आणि वर वरण घट्ट करा म्हणून पण.

ऑर्डर द्यायची असेल तर सकाळी नऊ ते अकरा फोन करू नका, उचलत नाहीत, हात पिठात असतात. संध्याकाळच्या डब्याचं दुपारी चारच्या आत सांगायचं. घरात आजारी आहे हे आधीच सांगा आणि बिनकडीचा डबा मागा, स्वतःहून देतीलच असं नाही.